क्रिकेटचीं जुनीं छायाचित्रें

अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीरामपूर येथें १९७८ सालीं जन्मलेल्या झहीर खान या डावखुऱ्या गोलंदाजानें कसोटी सामन्यांत ३११ बळी मिळविले, हें श्रोत्यांस ठाऊक असेलच. त्याचीं छायाचित्रें मोजतां यावयाचीं नाहींत. परंतु पालवणकर बाळू या आद्य डावखुऱ्या गोलंदाजाचें मूळ छायाचित्र ज्याच्या संग्रहीं असेल, तो संग्राहक भाग्यवानच म्हणावयाचा!

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला. तेथील प्रथम श्रेणीच्या सामन्यांत बाळूनें ७५ बळी घेतले. संघाच्या चित्रांत महाराज, पारशी गृहस्थ आणि हा चर्मकार समाजांतला खेळाडू एकाच चौकटींत येतात. पुण्यास मात्र याच बाळूला हिंदू संघाचे सोबती चहा देत तो मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यांत. तें कोणी चित्रांत टिपलें नाहीं.

असलें चित्र हातीं येतांच प्रथम त्याची पाठ व खालचा पुठ्ठा पाहावा. खेळाडूंचीं नांवें बहुधा तेथेंच असतात. नवी चौकट करतांना पुष्कळजण तो पुठ्ठा कापून टाकतात. मग महाराज तेवढे ओळखूं येतात, बाळू येत नाहीं. पुठ्ठा आधींच गेला असेल, तर खात्रीचीं नांवें पाठीवर मऊ शिसपेनीनें हलकेच लिहून ठेवावीं.