परशुरामाच्या पंखाला हात लावून

कोव्हेंट्रीच्या हँगरमध्ये शिरताच तुम्हाला ओळखीचा वास येतो. जुनं ऑइल, ग्रीस, नुकताच घासलेला धातू. इंग्लंडची ही थंडी नसती तर डोळे मिटून तुम्ही म्हणाला असता, आपण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातच आहोत. साल २०१५ धरून चाला. समोर एक डाकोटा विमान सोलून ठेवलंय. इंजिनं उतरवलेली, आतल्या तळाच्या फळ्या उचकटलेल्या, शेपटीच्या सुकाणूवरचं कापड काढून सांगाडा उघडा केलेला. हो, कापड. डाकोटाचं अंग ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचं, पण सुकाणू आणि पंखांच्या कडेच्या हलत्या फळ्या कापडानं मढवलेल्या असतात. ते कापड ताणून बसवायचं आणि त्यावर हातानं लेप चढवत जायचं, हे काम येणारी माणसं जगात आता शोधावी लागतात.

हे विमान आयर्लंडमध्ये भंगारात पडलं होतं. २०११ मध्ये राजीव चंद्रशेखर यांनी ते घेतलं. त्यांचे वडील, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर, भारतीय हवाई दलात डाकोटा उडवत असत. मुलानं ठरवलं की हे विमान दुरुस्त करून हवाई दलाला द्यायचं, आणि द्यायचं ते उडतं. चौथऱ्यावर ठेवण्यापुरतं विमान महिन्याभरात रंगवून देता येतं. उडतं करायला सहा वर्षं लागली.

ती सहा वर्षं कुठं गेली ते पंखाखाली वाकल्यावर कळतं. ॲल्युमिनिअमला लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही. ते पांढरी भुकटी धरतं, मग पत्र्याचे पापुद्रे सुटतात, आणि वरून रंग शाबूत दिसत राहतो. म्हणून रंग पूर्ण काढावा लागतो. रिबिटीच्या डोक्यामागं काळा ओघळ दिसला तर ती रिबीट सैल आहे, हवेत पत्रा तिच्याभोवती थरथरतोय आणि धातूची पूड बाहेर येतेय, असं समजायचं. तिथली रिबीट ड्रिलनं काढा, भोक तपासा, पत्रा बरा असेल तर नवी ठोका. बाहेरून एकानं रिबीट गन चालवायची, आतून दुसऱ्यानं लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. ठोक्याच्या आवाजावरून कळतं बसली की नाही. तुम्ही लेथवर हात बसवलेला माणूस, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. मशीनचं खरं काय ते कान सांगतो, हे कोल्हापुरातल्या प्रत्येक मिस्त्रीनं हाताखालच्या पोराला सांगितलेलं असतं.

पंख धडाला जिथं जोडतो तिथं बोल्टांची लांबच लांब रांग आहे. एकेका पंखाला शेकडो बोल्ट. ते सगळे काढून जोडपट्टीत केसाएवढी तरी चीर आहे का, हे बघितल्याशिवाय विमान वर जाऊ देत नाहीत. एक भोक रिकामं आहे. तुम्ही त्यात बोट घालता.

कोल्हापूरजवळचा उजळाईवाडीचा माळ. ५ जानेवारी १९३९. छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेला विमानतळ आजपासून सुरू होतोय. माळावर माणसं उन्हाला हात आडवा धरून आभाळाकडे बघत उभी आहेत, आणि संस्थानातल्या एका शहराला हवेची वाट फुटतेय. याच काळात अमेरिकेत डग्लस कंपनीचं डीसी-३ प्रवासी नेऊ लागलेलं आहे. १७ डिसेंबर १९३५ रोजी ते पहिल्यांदा उडालं. त्याचंच लष्करी रूप म्हणजे तुम्ही आता पाहिलंत ते डाकोटा: दोन इंजिनं, मोठा दरवाजा, दणकट तळ. माळावरच्या गर्दीत उभ्या असलेल्या पोरांपैकी कुणी पाच वर्षांनी त्याच विमानाच्या आवाजाकडे जीव मुठीत धरून कान लावेल, हे इथं कुणाला ठाऊक नाही.

पाच वर्षं पुढं जा. मार्च १९४४, मणिपूरचे डोंगर, सांगशाक. तुमच्या भोवतीची माणसं ४/५ मराठा लाइट इन्फंट्रीची आणि ५० व्या पॅराशूट ब्रिगेडची आहेत. खंदक फार खोल जात नाही, खाली खडक. काटेरी तार नाही. पाणी इतकं कमी की जखमीलाही घोटानं मोजून. जपान्यांनी चारी बाजूंनी वेढलंय, आणि बाहेरून येऊ शकणारी एकच गोष्ट आहे: आभाळातला तो दोन इंजिनांचा घुमणारा आवाज. सगळे मान वर करतात. पॅराशूट उघडतात. आणि वारा त्यातली बहुतेक पलीकडे, जपान्यांच्या हातात नेऊन टाकतो. तुमच्या शेजारचा जवान काही बोलत नाही. २६ मार्चच्या रात्री उरलेल्यांनी ती टेकडी सोडली. पण त्या चार-पाच दिवसांत जपान्यांचा कोहिमा-इंफाळकडचा जोर खुंटला, आणि मागं संरक्षण उभं करायला वेळ मिळाला.

त्याच उन्हाळ्यात इटलीत ३/५ मराठा लढतेय. १० जुलैला तिच्यातले नाईक यशवंत घाडगे मशिनगनच्या मोर्चावर एकटे धावून गेले, तो त्यांनी घेतला आणि तिथंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या पलटणीचा क्रमांक लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे. आणि कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर वळिवडेच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहताहेत, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्यातल्या कितीजणींची माणसं त्याच इटलीत मोन्ते कासिनोच्या डोंगरावर लढलेली. वळिवड्याच्या पोस्टात येणारं पत्र आणि मराठा पलटणीच्या गावी जाणारं पत्र एकाच आघाडीवरून येत होतं. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातलं हे पान मला फार मोलाचं वाटतं, म्हणून तुम्हाला इथं क्षणभर थांबवलं.

२७ ऑक्टोबर १९४७, दिल्ली, उजाडायच्या आधी. टोळीवाले काश्मीरवर चालून आलेत. १२ व्या स्क्वाड्रनची डाकोटा विमानं तयार आहेत. तुम्ही १ शीख पलटणीच्या जवानांबरोबर आत चढता. शेपटीखाली लहान चाक असल्यामुळं जमिनीवर उभं असताना विमानाचा तळ चढाचा असतो. वैमानिकाकडं जाणं म्हणजे टेकडी चढणं. दोन्ही बाजूंना बाकं. लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजीत राय यांना सांगितलंय की श्रीनगरवर आधी घिरट्या घाला, धावपट्टी टोळीवाल्यांच्या हातात गेलेली दिसली तर उतरू नका. खाली काय आहे हे कुणालाच माहीत नाही. तिथं नियंत्रण मनोरा नाही, इंधनाची सोय नाही. सकाळी साडेनऊच्या सुमारास पहिलं विमान टेकतं. चालवताहेत विंग कमांडर के. एल. भाटिया. विमानाचा क्रमांक व्हीपी ९०५.

पुढचे दिवस विमानांची रीघ लागली. खासगी कंपन्यांची डाकोटाही त्यात उतरली. कर्नल राय बारामुल्लाच्या बाजूला लढताना पडले. पण खोरं वाचलं ते या वेळेत पोचलेल्या माणसांमुळं, आणि माणसं पोचली ती या विमानामुळं. डाकोटाबद्दल ज्यांना नुसतं कौतुक वाटतं त्यांनी ही एक सकाळ नीट वाचावी.

याच युद्धात, मार्च १९४८ मध्ये, झांगर परत घेणाऱ्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडमध्ये मराठा आहेत: पॅराशूट पलटण झालेली ३ मराठा, तीच यशवंत घाडगेंची पलटण. त्याच वर्षी २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग, शेजारी जनरल थिमय्यांना घेऊन, डाकोटा लेहला उतरवतात. हवाबंद नसलेलं विमान, त्याच्या ताकदीबाहेरची हिमालयाची उंची, खाली सोनम नोर्बूंनी लडाखी माणसांच्या हातून करून घेतलेली मातीची धावपट्टी. तुम्ही आत असता तर श्वास अपुरा पडून बोलणं बंद झालं असतं.

आता ११ डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध. बंगालचं आभाळ, दुपार कलतेय. तुम्ही डाकोटाच्या बाकावर आहात, पाठीला आणि पोटाला पॅराशूट, मांडीवर बोजा, गुडघे समोरच्याच्या गुडघ्याला लागलेले. १९५२ मध्ये ३ मराठा पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि २ पॅरा झाली. नावापुढं कंसात ‘मराठा’ राहिलंच. आज तीच पलटण टांगाईलवर उडी घेतेय. आजूबाजूला एएन-१२ आहेत, पॅकेट आहेत, कॅरिबू आहेत, आणि या सगळ्यांत वयानं मोठं हे डाकोटा. दरवाजा काढलेला आहे. वाऱ्याचा एवढा आवाज की शेजारच्याशी डोळ्यांनीच बोलायचं. डोक्यावरच्या तारेत सगळ्यांनी हुक अडकवलेत. प्रत्येकानं पुढच्याचं बंधन तपासून त्याच्या खांद्यावर थाप मारलीय. थाप मागून पुढं येत येत तुमच्या खांद्यावर येते. लाल दिवा. मग हिरवा. पाय दरवाज्याच्या काठावर, आणि पुढं काहीच नाही.

पॅराशूट उघडतं तसा आवाज एकदम थांबतो. खाली भाताची खाचरं, तळी, आणि त्यातून धावत येणारी गावची माणसं. ती पळवून न्यायला येत नाहीयेत, पेट्या उचलायला येताहेत. रात्री पलटण पुंगलीच्या पुलावर पोचते आणि उत्तरेकडून ढाक्याकडं हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडते. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत २ पॅरा होती. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांना महावीर चक्र मिळालं.

१९८८ मध्ये हवाई दलानं डाकोटा सेवेतून काढलं.

बोट भोकातून बाहेर काढा. कोव्हेंट्रीत रंगकाम सुरू झालंय, आणि विमानाच्या अंगावर क्रमांक चढतोय: व्हीपी ९०५. तुम्ही अडखळता. श्रीनगरला उतरलेलं विमान ते हे नव्हे. हे दुसरंच, आयर्लंडच्या भंगारातून उठवलेलं. मग हा क्रमांक याला शोभतो का? शिवाय सहा वर्षांत त्याचे किती पत्रे, किती नळ्या, किती तारा बदलल्या गेल्या.

मला विचाराल तर शोभतो, आणि त्याचं कारण तुम्ही आत्ताच दोनदा पाहिलंत. इटलीत घाडगेंच्या बरोबर लढलेला बहुधा कुणीही टांगाईलवर उडी घ्यायला पलटणीत उरलेला नव्हता. माणूस न माणूस बदलला, शस्त्र बदललं, काम बदललं, नावही बदललं. तरी पलटण तीच, हे गडहिंग्लजच्या किंवा चंदगडच्या कुठल्याही माजी सैनिकाला पटवून द्यावं लागत नाही. पलटण टिकते ती जुन्यानं नव्याला शिकवलं म्हणून. विमानाचंही तेच. फक्त एक अट आहे: ते उडायला हवं. चौथऱ्यावरच्या विमानासाठी कुणी काही शिकत नाही, त्याची धूळ पुसतात. उडणाऱ्या विमानासाठी तरुण पोरांना कार्ब्युरेटर उघडायला शिकावं लागतं, कापड ताणायला शिकावं लागतं, शेपटीवर बसणारं विमान वाऱ्यात सरळ कसं ठेवायचं ते शिकावं लागतं. हे शिकणं थांबलं की क्रमांक नुसता रंग उरतो.

ही भेट सहज स्वीकारली गेली नाही. आधीच्या सरकारनं नाकारली होती. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना होकार आला. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी म्हाताऱ्या एअर कमोडोर चंद्रशेखर यांनी कागदपत्रं हवाई दलप्रमुख धनोआ यांच्या हाती दिली. नाव ठेवलं ‘परशुराम’. समुद्र हटवून जमीन मिळवल्याची त्याची कथा केरळात सांगतात आणि घाटाखाली आपल्या कोकणातही.

१७ एप्रिल २०१८ ला ते कोव्हेंट्रीहून निघालं. चला, बसा. फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहरीन, ओमान. तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग, त्यामुळं देश खालून सावकाश सरकतात, वाळवंटाचा रंग बदलताना दिसतो. तुमच्या मराठा पलटणी ज्या इटलीत लढल्या ती इटलीही या वाटेवर येते. नवी दिशादर्शक यंत्रं बसवली आहेत, पण इंजिनं तीच जुन्या जातीची, आणि चालक त्यांचा आवाज सतत ऐकत असतो. सुमारे ९,७५० किलोमीटरनंतर, २५ एप्रिलला, जामनगर. ४ मे रोजी हिंडनला ते रीतसर हवाई दलात दाखल झालं, टायगर मॉथ आणि हार्वर्ड या जुन्या विमानांच्या पंगतीला बसलं. त्याच ऑक्टोबरात, हवाई दल दिनाला, ते आभाळात होतं.

आता शेवटचा थांबा हिंडन. सकाळी लवकर. विमान काही दिवस उभं होतं. इंजिन सुरू करण्याआधी करायचं काम असं: दोन ओळींत गोलाकार बसवलेले चौदा सिलिंडर, त्यातल्या खालच्या बाजूच्यांत उभ्याउभ्या ऑइल उतरून साचतं. तसंच स्टार्टर दाबला तर पिस्टन त्या ऑइलवर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा हातानं फिरवायचा, एकेक पातं ओढत. कुठं अडलं तर जोर लावायचा नाही. खालचे स्पार्क प्लग काढायचे, ऑइल गाळून टाकायचं, मग पुन्हा. याला जेटचं इंधन चालत नाही, विमानाचं पेट्रोल लागतं, तेही हवाई दलाच्या तळावर वेगळं आणून ठेवावं लागतं.

पातं ओढणारा तांत्रिक विशीतला आहे. डाकोटा सेवेतून गेलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. ‘‘धरा,’’ तो तुम्हाला सांगतो, ‘‘सावकाश. अडलं तर सांगा, ओढू नका.’’ तुम्ही दोन्ही तळवे पात्यावर ठेवता. तो मोजायला लागतो: एक. दोन. तीन.