नाव आणि चव

बाजारात मालाची पारख करण्याच्या दोन रीती आहेत. आंबे घेताना गिऱ्हाईक एखादी फोड चाखून पाहते, तांदूळ घेताना चार दाणे दातांखाली धरते. परंतु तेच गिऱ्हाईक औषध घेताना कंपनीचे नाव वाचते आणि मुकाट्याने दाम मोजते. पहिल्या रीतीत निवाडा जिभेचा असतो, दुसरीत नावाचा. द्राक्षांच्या मद्याच्या, म्हणजे वाइनच्या, व्यापारात या दोन रीतींचा झगडा शतकानुशतके चालत आला आहे. त्या झगड्यातील एक संस्मरणीय प्रसंग २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे घडला, आणि तो घडवून आणणारा मनुष्य कोणी मळेवाला किंवा पंडित नव्हता. तो एका लहानशा दुकानाचा मालक होता.

या प्रसंगाचे मर्म कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. इ. स. ११५२ मध्ये अ‍ॅक्विटेनच्या एलिनॉरचा विवाह हेन्री प्लँटॅजनेटशी झाला. दोन वर्षांनी हेन्री इंग्लंडच्या गादीवर बसला, आणि बोर्दो बंदराशी लंडनचा व्यापार वाढीस लागला. १३६३ मध्ये राजा तिसरा एडवर्ड याने लंडनच्या वाइन-व्यापाऱ्यांच्या संघास सनद दिली. त्या काळी, आणि पुढेही कित्येक शतके, वाइन लाकडी पिंपांतून येत असे. व्यापारी पिंपातून थोडी वानगी काढी, पेला उजेडाकडे धरून रंग पाही, वास घेई, घुटका तोंडात घोळवून थुंकून टाकी आणि मग दर ठरवी. पुष्कळदा तोच आपल्या तळघरात ती बाटल्यांत भरून विकी. ज्या मळ्यात द्राक्षे पिकली तो मळा गिऱ्हाइकाने पाहिलेला नसे. त्याचा विश्वास असे तो व्यापाऱ्याच्या जिभेवर आणि सचोटीवर.

हळूहळू ही सत्ता नावाकडे गेली. १८५५ मध्ये पॅरिसला भव्य प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने बोर्दोच्या व्यापारी मंडळाने तेथील दलालांकडून उत्तम मळ्यांची यादी मागविली. दलालांनी त्यासाठी नव्याने चव घेतली नाही. त्या त्या मळ्याच्या वाइनला वर्षानुवर्षे जो भाव मिळत आला होता त्यावरून त्यांनी तांबड्या वाइनच्या पाच श्रेणी लावल्या. लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ हे चार मळे पहिल्या श्रेणीत बसले. बाजारातील क्षणिक भाव असा कायमचा मान होऊन गेला. पुढे वरच्या श्रेणीत चढण्याचे भाग्य एकट्या मुताँ-रोत्शिल्ड या मळ्यास लाभले, आणि तेही १९७३ मध्ये! याच मळ्याने १९२४ मध्ये आपली सर्व वाइन मळ्यावरच बाटल्यांत भरण्याचा निश्चय केला होता. भेसळीला आळा घालण्यास तो उपाय चांगला होता. परंतु त्याबरोबर बाटलीवरील नाव सर्वोपरी झाले आणि मधल्या व्यापाऱ्याची पारख मागे पडली.

अशा काळात स्टीव्हन स्परियर नावाचा इंग्रज तरुण या धंद्यात शिरला. १९६४ मध्ये लंडनच्या एका जुन्या पेढीवर त्याने उमेदवारी केली. पुढे पॅरिसला जाऊन मादलेन चौकाजवळच्या एका बोळातील छोटे दुकान त्याने एका वृद्ध बाईकडून विकत घेतले, आणि १९७१ पासून तो ते चालवू लागला. फ्रेंचांना एका इंग्रजाने फ्रेंच वाइन विकावी, हेच मुळी धाडस होते. त्याने गिऱ्हाइकांना एक सवय लावली: बाटली विकत घेण्यापूर्वी चव घेऊन पाहण्याची. १९७३ मध्ये दुकानाच्या शेजारीच त्याने वाइनची पारख शिकविणारी शाळाही काढली.

१९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे वर्ष. कॅलिफोर्नियातही चांगली वाइन होते हे पॅरिसकरांना दाखवावे, अशी कल्पना स्परियर व त्याची अमेरिकन सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर यांनी काढली. कॅलिफोर्नियाच्या सहा पांढऱ्या व सहा तांबड्या वाइनच्या जोडीला बर्गंडीच्या चार पांढऱ्या आणि बोर्दोच्या चार तांबड्या वाइन ठेवण्यात आल्या. परीक्षक म्हणून नऊ फ्रेंच जाणकार निमंत्रित केले होते. त्यांत रोमाने-काँती या विख्यात मळ्याचे सहमालक ओबेर द विलेन होते, आणि फ्रान्समधील एका मान्यवर वाइन-नियतकालिकाच्या संपादिका ओदेत कान होत्या. नावे झाकलेली होती. प्रत्येकाने वीसपैकी गुण द्यायचे होते.

निकालाविषयी कोणास विशेष उत्सुकता नव्हती. म्हणून तेथे वार्ताहर हजर होता तो एकच, अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. कोणत्या पेल्यात कोणती वाइन आहे याची यादी त्याच्या हाती होती, परीक्षकांच्या हाती नव्हती. म्हणून एक परीक्षक कॅलिफोर्नियाचा घुटका घेऊन आपण फ्रान्सला परत आल्याचे समाधान व्यक्त करू लागले, तेव्हा त्यातील मौज त्याला एकट्यालाच कळली.

पांढऱ्या वाइनमध्ये पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या ‘शातो माँतेलेना’ने पटकावला. हा निकाल तांबड्या वाइनची परीक्षा होण्यापूर्वीच सांगितला गेला. साहजिकच पुढील परीक्षेत परीक्षक सावध झाले. तरीही पहिली आली ती ‘स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स’ची १९७३ ची वाइन. तिच्या वेली १९७० मध्ये लावलेल्या होत्या. मुताँ-रोत्शिल्ड दुसरा, आणि १८५५ च्या पहिल्या श्रेणीतील ओ-ब्रियाँ चौथा!

या निकालावर आक्षेप पुष्कळ आले, आणि ते सगळेच पोकळ नव्हते. पहिल्या दोन तांबड्या वाइनमधील अंतर अत्यल्प होते. एकाच वाइनला निरनिराळ्या परीक्षकांनी दिलेल्या गुणांत मोठी तफावत होती. बोर्दोची वाइन सावकाश मुरते, तिची परीक्षा फार लवकर घेतली, असेही म्हटले गेले. त्या आक्षेपाचे उत्तर काळानेच दिले. तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच तांबड्या वाइन पुन्हा चाखण्यात आल्या, तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाकडे गेले. तथापि या प्रसंगाचा अर्थ एका देशाने दुसऱ्यावर मिळविलेला विजय असा करणे योग्य होणार नाही. परीक्षक फ्रेंच होते, आणि नाव झाकले असता त्यांच्या जिभेने प्रामाणिक कौल दिला, ही गोष्ट फ्रान्सलाही भूषणास्पदच मानली पाहिजे. खोटी ठरली ती जीभ नव्हे. नावावरून चव ठरविण्याची सवय खोटी ठरली.

स्परियरने १९८८ मध्ये दुकान विकले आणि तो मायदेशी परतला. २००९ मध्ये डॉर्सेट परगण्यात त्याने स्वतःच द्राक्षवेली लावल्या. २०२१ मध्ये त्याचे निधन झाले. पॅरिसमध्ये पहिल्या आलेल्या त्या दोन वाइनची एकेक बाटली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ‘स्टॅग्ज लीप’चा मळा २००७ मध्ये साडेअठरा कोटी डॉलरना विकला गेला. नावाची सत्ता ज्याने एके दिवशी हलविली, तोच मळा स्वतः एक मोठे नाव होऊन बसला! यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. चांगल्या मालाला कीर्ती मिळणे हा जगाचा रिवाजच आहे. परंतु कीर्ती एकदा मिळाली म्हणजे परीक्षा संपते, हा समज मात्र घातक आहे. तो दूर ठेवण्याचे काम मोठ्या प्रदर्शनांपेक्षा गल्लीबोळातील तो दुकानदारच अधिक चांगले करतो, जो पैसे मागण्यापूर्वी बूच काढून पेला पुढे करतो.