हद्दीपलीकडचा दरोडेखोर : माधवनगर, पत्री सरकार आणि पोलीस

आज सांगलीहून माधवनगरला जाताना आपण काही ओलांडले, असे कुणालाही वाटत नाही. १९४० च्या सुमारास मात्र तेवढ्या अंतरात राज्य बदलत असे. सांगली शहर सांगली संस्थानाचे, तर माधवनगर ही मिरज संस्थानाच्या धाकट्या पातीतील पेठ आणि शेजारचे बुधगाव ही त्या पातीची राजधानी. मिरज शहर थोरल्या पातीचे. उत्तरेला तासगाव आणि पश्चिमेला वाळवा हे तालुके ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात. मध्येच कुंडल औंध संस्थानाचे. पूर्वेला जत संस्थान निराळेच. प्रत्येकाचे पोलीस वेगळे, कचेरी वेगळी, तुरुंगही वेगळा.

अशा मुलखात दरोडा घालणाऱ्याला घोड्यापेक्षा नकाशा अधिक उपयोगी पडतो. रात्री एका राज्यात घर फोडावे आणि उजाडण्यापूर्वी दुसऱ्या राज्यात शिरावे. मागावर आलेला फौजदार हद्दीवर थांबे. पुढचे काम लिखापढीचे, आणि कागद हलेपर्यंत माग थंड होई.

परंतु गुन्हेगारीचे मूळ केवळ हद्दींत नव्हते. त्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

पेशवाईत गावांची आणि किल्ल्यांची राखण बहुतांशी रामोश्यांकडे असे. त्याबद्दल त्यांना वतन आणि हक्क मिळत. १८१८ नंतर किल्ले निकामी झाले आणि हक्कांना कात्री लागली. ज्यांना चोरवाटा ठाऊक होत्या, ज्यांच्या हाती शस्त्र होते, त्यांचीच भाकरी गेली. उमाजी नाईकाचे बंड या परिस्थितीतून उभे राहिले. विशेष म्हणजे इंग्रजांनी उमाजीला मध्यंतरी माफी देऊन, जमीन देऊन बंदोबस्ताच्या कामावरही ठेवले होते. ज्याला आज दरोडेखोर म्हणायचे त्यालाच उद्या रखवालदार नेमायचे, ही तडजोड टिकली नाही. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी देण्यात आले.

पुढे सरकारने कारणाचा शोध घेणेच सोडले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा हा जन्माशी बांधला. हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर त्याचा फास मुंबई इलाख्यातही आवळला. काहीही न केलेल्या माणसाने पोलिसांसमोर हजेरी द्यायची, परगावी जायचे तर परवानगी घ्यायची. हजेरी देणाऱ्याला काम कोण देणार? आणि काम नाही म्हणून चोरी केलीच, तर कायदा बरोबर होता असे सिद्ध झाले! वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ कादंबरीत दुष्काळात धान्य लुटणारा नायक उभा केला, त्यामागे याच भागातील मांगवाड्याचा अनुभव आहे.

या पार्श्वभूमीवर १९४२ चे आंदोलन आले. ३ सप्टेंबरचा तासगावचा मोर्चा शांततेत पार पडला. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळीबार झाला. मृतांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंते पंड्या होते. त्यानंतर जिल्ह्यातील पोलिसांची सारी शक्ती भूमिगतांच्या शोधात गुंतली.

सामान्य गावकऱ्याने याची किंमत मोजली. ज्या शिपायाने रात्री गस्त घालायची, तो आता कुंडलच्या वाटेवर दबा धरून बसला होता. दरोडेखोरांच्या टोळ्यांना रान मोकळे मिळाले. काहींनी तर चळवळीचे नाव सांगून पैसे उकळायला सुरुवात केली. भूमिगतांपुढे पेच उभा राहिला : लोकांनी आसरा द्यावा असे वाटत असेल, तर लोकांचे दार रात्री सुरक्षित असले पाहिजे.

१९४३ मध्ये आकाराला आलेल्या प्रतिसरकारचे एक पहिले मोठे काम म्हणूनच इंग्रजांविरुद्ध नव्हते, तर दरोडेखोरांविरुद्ध होते. ही बाब रेल्वे लुटीच्या रोमांचक कथांत झाकली जाते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली, जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गटागटांनी टोळ्यांचा पाठलाग केला. त्यांना हद्द आडवी येत नव्हती. तुफान सेनेचा सैनिक औंधातून ब्रिटिश हद्दीत आणि तेथून सांगली संस्थानात सहज जाई. ब्रिटिश पोलिसांना जे जमत नव्हते ते त्यांना जमले, कारण खबर देणारा गावकरी त्यांच्या बाजूचा होता.

त्यापाठोपाठ न्यायदान मंडळे आली. जमिनीचे तंटे, सावकारी, दारू, स्त्रियांवरील अत्याचार अशी प्रकरणे गावातच सुटू लागली. शिक्षा कठोर असे. तळपायांवर काठ्या बसत. पायाला पत्री ठोकत असत, ही दंतकथा तेथूनच पसरली असावी. ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले आणि त्या शब्दानेच निम्मी दहशत बसवली. काही दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे जिवानिशी गेले. येथे इतिहासाच्या वाचकाने क्षणभर थांबावे. या न्यायालयाच्या वर दुसरे न्यायालय नव्हते. आरोप खोटा ठरला, तर दाद कोठे मागायची? भूमिगतांकडे याचे समाधानकारक उत्तर नव्हते, आणि त्या काळात ते असणे कठीणच होते.

सरकारदरबारी मात्र दरोडेखोर आणि त्यांचा पाठलाग करणारे दोघेही गुन्हेगारच. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली गेली. ती रक्कम प्रतिसरकारच्या कामासाठी वापरली गेली. २४ जुलै १९४३ रोजी पद्माळ्याचे वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून सांगलीचा तुरुंग फोडून निघाले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीला बळी पडले. वसंतदादा जखमी अवस्थेत पुन्हा पकडले गेले. चौतीस वर्षांनी, १९७७ मध्ये, हाच तुरुंगफोड्या महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला.

याच मुलखात त्याच काळी गुन्ह्याकडे पाहण्याचा एक वेगळाच प्रयोग चालू होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसवली. तेथे भिंत नव्हती. शिक्षा झालेले कैदी जमीन कसत आणि कुटुंबासह राहत. माणूस गुन्हेगार म्हणून जन्मतो असे मानणारा कायदा एका हद्दीत, आणि त्याच्या हाती नांगर देणारा तुरुंग दुसऱ्या हद्दीत! व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ या प्रयोगावरूनच सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकरही आटपाडी परिसरातलेच.

स्वातंत्र्यानंतरची सुरुवात सुखाची नव्हती. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये सातारा-सांगलीच्या गावोगाव ब्राह्मणांची घरे पेटवण्यात आली, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही झळ पोहोचली. जमाव निघाला तेव्हा कुणाचेच पोलीस पुरे पडले नाहीत.

त्याच वर्षी मार्चमध्ये संस्थाने विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. ‘विमुक्त’ हा शब्द त्यातूनच आला. माधवनगर, बुधगाव, तासगाव, कुंडल आणि आटपाडी आता एकाच पोलीस अधीक्षकाच्या अखत्यारीत आली, आणि सांगलीत चोरी करून माधवनगरात निर्धास्त झोपण्याची सोय संपली.