भोंगा, धोटा आणि बदली : मुंबईच्या कापडगिरण्यांतील तंत्रज्ञान व कार्यसंस्कृती

प्रस्तावना

तंत्रज्ञान बदलले की कामाचे स्वरूप बदलते, हे विधान आज स्वयंसिद्ध असल्यासारखे केले जाते. संगणक, स्वयंचलित यंत्रे व कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या संदर्भात कामाच्या भवितव्याची जी चर्चा चालते, ती बहुधा यंत्रापासून सुरू होते आणि यंत्रापाशीच थांबते. यंत्रापुढे कोणाला उभे केले जाते, कोणाला वगळले जाते, कामाचे तास कोण ठरवितो, हे प्रश्न मात्र कार्यसंस्कृतीचे आहेत आणि त्यांची उत्तरे यंत्राच्या रचनेत सापडत नाहीत. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. प्रस्तुत निबंधात त्यातील काही मोजक्या प्रसंगांच्या आधारे हा संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

वेळेचा प्रश्न

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. यंत्रे इंग्लंडमधून आली. कामाचा दिवस मात्र सूर्य ठरवीत असे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत गिरणी चाले. त्यामुळे उन्हाळ्यातील दिवस मोठा व हिवाळ्यातील लहान होई. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये कामगारांनी जे निवेदन सादर केले, त्यात आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे निश्चित तास, वेळेवर पगार व अपघाताची भरपाई या मागण्या होत्या. त्यांपैकी साप्ताहिक सुट्टी १० जून १८९० रोजी मान्य झाली.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा नाहीशी झाली. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी होती. अनेक गिरण्या चौदा तासांपेक्षाही अधिक काळ चालू लागल्या. कष्ट हलके करू शकणारी सोय कामाचे तास वाढविण्यासाठी वापरली गेली. प्रौढ पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा होण्यास १९११ साल उजाडावे लागले. याच काळातील आणखी एक प्रसंग उल्लेखनीय आहे. १९०६ च्या आरंभी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. घड्याळाचे काटे पुढे सरकले म्हणजे भोंगा सूर्याच्या हिशेबाने तितकाच लवकर वाजणार, हे कामगारांनी तत्काळ ओळखले आणि जानेवारी १९०६ मध्ये काही हजार गिरणी कामगारांनी काम थांबवून याचा निषेध केला. या घटनेकडे केवळ अज्ञानाचा उद्रेक म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. झोपेची ३९ मिनिटे कोणाच्या खात्यातून जाणार, याचा तो अचूक हिशेब होता.

धोटा आणि जात

तंत्रज्ञान व सामाजिक रूढी एकमेकांत किती घट्ट गुंतू शकतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण साळखात्यात आढळते. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी बसवून तिचे सूत धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे. हे काम विणकर तोंडाने सूत ओढून करीत असे. आरोग्याच्या दृष्टीने ही पद्धत घातक होतीच. परंतु एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत असल्याने तिने अस्पृश्यतेला कारखान्यात अधिष्ठान मिळवून दिले. दलित कामगारांना साळखात्यात प्रवेश मिळेना. विणकराची मजुरी तुलनेने अधिक असल्याने याचा अर्थ सरळ होता: अधिक वेतनाचे काम जातीने राखीव झाले आणि दलित कामगार मुख्यतः कमी वेतनाच्या सूतकताई खात्यात अडकून पडले.

१९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न संपाच्या नेतृत्वापुढे ठेवला. गिरणीतील सर्व खाती दलितांना खुली करण्याची मागणी नेत्यांनी काहीशा नाइलाजानेच स्वीकारली. मालकांपुढे ती गेली तेव्हा, हा अन्याय असला तरी त्याची जबाबदारी आपली नाही, असा पवित्रा त्यांनी घेतला. वस्तुतः सूत ओढण्यासाठी तोंडाचा वापर अपरिहार्य नव्हता. हाताने ओवता येणारे धोटे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. अडचण धोट्याच्या छिद्रात नव्हती.

स्वतः तो संप यंत्रापुढील माणसे कमी करण्याच्या योजनेविरुद्ध होता. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, सूतकताई खात्यातील कामगाराने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी ही तथाकथित कार्यक्षमता होती. सुमारे दीड लाख कामगारांचा हा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. त्यानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने ही पद्धत तत्त्वतः आक्षेपार्ह ठरविली नाही.

जॉबर व बदली

गिरणीतील भरती दीर्घकाळ जॉबरच्या हाती होती. तो गावाकडून माणसे आणी, कामावर घेई, प्रसंगी कर्ज देई आणि त्याबद्दल दस्तुरी उकळी. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने आपल्या १९३१ च्या अहवालात या अधिकारावर कठोर टीका केली. गैरहजर कामगारांच्या जागी रोज सकाळी दारावर जमणाऱ्या बदली कामगारांसाठी मालक संघाने १९३५ मध्ये कार्डाची पद्धत सुरू केली. कार्ड मिळाले तरी काम मिळेलच याची शाश्वती नसे. रोज हजर राहणे मात्र बंधनकारक होते. प्रतीक्षेची ही वेळ कोणत्याही मजुरीत धरली जात नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपाचा इतिहास सर्वपरिचित आहे. तत्पूर्वीच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे कापडाचे उत्पादन सरकू लागले होते. पुढे लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांतील कर्मचाऱ्यांना जेवण पोहोचविणारा तरुण आज भ्रमणध्वनीवर पुढील कामाची वाट पाहतो. त्याचा जॉबर आता संगणकाची आज्ञावली आहे. तिला दस्तुरी लागत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु जॉबरशी निदान हुज्जत घालता येत असे.

नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशा गिग कामगारांची संख्या सुमारे ७७ लाख होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची प्रथमच कायदेशीर व्याख्या केली. मात्र ही व्याख्या त्यांना पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर ठेवते. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. विमा, आरोग्य व वृद्धापकाळ यांविषयीच्या योजनांची तरतूद तीत आहे. लोखंडे यांच्या १८८४ च्या निवेदनातील साप्ताहिक सुट्टी व निश्चित तास या दोन मागण्यांना मात्र गिग कामगारांपुरते तीत स्थान नाही.