मोनेल: खाणीनं ठरवलेलं प्रमाण

ठाण्यातल्या कोलशेतच्या खाडीलगत सँडोझ या स्विस कंपनीचा रंग-रसायनांचा कारखाना होता. १९९५ मध्ये कंपनीचा रसायनांचा व्यवसाय वेगळा निघाला आणि क्लॅरिअंट झाला. परिसराला सँडोझ बाग हे नाव तेवढं राहिलं. अशा कारखान्यांत टाकी किंवा पाइप एमएसचा, म्हणजे साध्या कार्बन पोलादाचा, घ्यायचा की निकेलच्या मिश्रधातूचा, हा रोजचा प्रश्न. तो क्वचितच ताकदीचा असतो. साधं एमएस साधारण २५० मेगापास्कल ताणापर्यंत कायमचं वाकत नाही, आणि मोनेल हा निकेलचा मिश्रधातू मऊ केलेला असला तर तोही त्याच्या आसपासच असतो. उष्णता तर पोलादच दुपटीनं वाहून नेतं. तीव्र सल्फ्युरिक आम्ल साध्या तापमानाला एमएसच्या टाकीत खुशाल ठेवतात, कारण लोहसल्फेटचा थर आतून पोलादाला झाकतो. आम्लात पाणी शिरलं की मात्र तेच पोलाद भराभर खाल्लं जातं. तिथं, आणि खाऱ्या पाण्यात, निकेलचे मिश्रधातू उपयोगी पडतात.

मोनेलमध्ये साधारण दोन भाग निकेल आणि एक भाग तांबं. हे प्रमाण कुणी प्रयोगशाळेत शोधून काढलेलं नाही. कॅनडातल्या सडबरीच्या खाणीत निकेल आणि तांबं एकत्र सापडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट स्टॅनली यांनी ते वेगळं न करताच वितळवलं, आणि धातूला स्टॅनली यांच्या कंपनीचे अध्यक्ष अँब्रोज मोनेल यांचं नाव मिळालं. १९०६ मध्ये पेटंटही झालं.

मला थक्क केलं ते याच्या दोन हजार वर्षं आधीच्या नाण्यांनी. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात आजच्या उत्तर अफगाणिस्तानातल्या बॅक्ट्रियाचे युथिडेमस दुसरा, पँटालिऑन आणि अगाथोक्लीज हे राजे तांबं-निकेलची नाणी पाडत होते. निकेल सुमारे वीस टक्के, आणि हे सारं निकेल मूलद्रव्य म्हणून ओळखलं जाण्याच्या, म्हणजे १७५१ च्या कितीतरी आधी. एक मत असं की हा धातू चीनहून आला, कारण तिथं पाकटाँग हा पांढरा धातू होताच. मला हे पटत नाही. पाकटाँगमध्ये जस्त भरपूर असतं, या नाण्यांत ते जवळजवळ नाही. शिवाय बाहेरून महागात आणलेल्या धातूची किरकोळ नाणी कोण पाडेल? इराणच्या पठारावर निकेलयुक्त तांब्याचं खनिज आहेच. माझा तर्क असा की बॅक्ट्रियातही सडबरीसारखंच घडलं असावं: खनिजात जे एकत्र होतं, ते भट्टीतून एकत्रच बाहेर आलं. खाण नेमकी कोणती, हे कुणी दाखवलेलं नाही, तरी जस्ताचा मुद्दा मला निर्णायक वाटतो.

मोनेल आणि पोलाद यांच्या तुलनेतला खरा धडा १९१५ च्या ‘सी कॉल’ या अमेरिकन यॉटनं दिला. तिच्या तळाचे पत्रे मोनेलचे, सांगाडा पोलादाचा. समुद्राच्या पाण्यात दोघांची जणू बॅटरीच झाली; मोनेल शाबूत राहिलं, पोलाद झपाट्यानं झिजलं, आणि यॉट थोड्याच काळात भंगारात गेली. म्हणून आज जिथं मोनेलचा पाइप एमएसला जोडला जातो, तिथं फ्लॅंजमध्ये वीज न वाहणारं गॅस्केट आणि बोल्टवर तसाच स्लीव्ह चढवतात.