पाण्याची झडती

गिरगावात विहिरींचं पाणी प्यायचे तेव्हा तपासनीस घरातच असे. फडक्याने गाळायचं, वास घ्यायचा, घोट जिभेवर घोळवायचा. 1860मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने आलं, तरी कौल डोळ्यांचा आणि जिभेचाच. 1884मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातल्या तळ्यात पटकीचा जंतू सापडला आणि नितळ पाण्यावरचा विश्वास उडाला.

तेव्हापासून झडती जंतूंची. जुनी रीत अशी: जांभळ्या द्रवात पाणी घालून ते उबेत ठेवायचं. द्रव पिवळा झाला आणि आतल्या उलट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकला, की सांडपाण्याचा संशय. मुंबई महापालिकेची अशी प्रयोगशाळा दादरला, जी-उत्तर विभाग कार्यालयाच्या इमारतीत आहे.

जंतूंवर उतारा क्लोरीनचा. 1974मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रुक यांनी दाखवलं, की पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी मिळून तो क्लोरोफॉर्म तयार करतो. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस 10500 या मानकाच्या 2012च्या आवृत्तीत क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे.

आता पाळी प्लास्टिकची. पीव्हीसी मऊ करणाऱ्या डीईएचपी या थॅलेटला जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला 8 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, युरोपीय संघाने 2020मध्ये बिस्फिनॉल-एला 2.5ची. आपल्या मानकाच्या त्या आवृत्तीत या दोघांचीही नावं नाहीत. पीव्हीसी पाइपांतल्या शिशाबाबत मात्र केंद्राने 2021मध्ये नियम केले.

मुंबईचं पाणी येतं दूरच्या धरणांतून. प्लास्टिकशी त्याचा सलग सहवास घडतो तो आपल्या दारात. लालबागच्या चाळीत पहाटे पाणी आलं की नळाला नळी लागते. तिला आपण रबरी म्हणतो, पण ती बहुधा पीव्हीसीची असते आणि तिचा मऊपणा अशाच द्रव्यांतून येतो. खाली निळं पिंप. जुन्या बाजारातून आणलेलं असेल, तर आधी त्यात काय होतं कोण सांगणार? तांब्याचा हंडा माळ्यावर गेला, त्याच्या जागी हे आलं.

थॅलेटचा नमुना काचेच्या बाटलीतच घ्यावा लागतो, कारण प्लास्टिकची बाटली स्वतःच त्यात भर घालते. मग पालिकेने पुढचा नमुना नळाखाली नको, पिंपातून घ्यावा. आणि पालिकेची वाट न पाहता नळी तेवढी आजच बदलावी, पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली आणावी.