सांधा बदलताना

प्रतिकृती-रेल्वेचा सांधा बदलण्याची एक जुनी रीत साधी आहे. रुळाखाली तारेची दोन वेटोळी असतात. ज्यातून वीज सोडावी, तिकडे लोखंडी दांडा ओढला जातो. वीज क्षणभरच द्यायची, नाहीतर वेटोळे जळते.

सांधे वाढले, की कोणता केव्हा बदलायचा, हा प्रश्न येतो. अमेरिकेतील 'एमआयटी'त १९४६ साली स्थापन झालेल्या विद्यार्थ्यांच्या रेल्वे-क्लबने त्यासाठी टेलिफोनचे रिले जोडले. 'हे असेल तर ते कर' असा तर्क तारांतून उभा राहिला. पुढे क्लबातील काही मुले संगणकाकडे वळली. १९६२चा 'स्पेसवॉर' हा खेळ त्यांच्यातूनच आला.

खिळ्याला तार गुंडाळणाऱ्या विद्यार्थ्याला 'उद्योग पुरे' म्हणण्यापूर्वी हे आठवावे.